शाळेची भाषा कोणाच्या हक्काची

घरात एक भाषा, बाजारात दुसरी आणि सरकारी कचेरीत तिसरी अशा गावात मुलाला कोणत्या भाषेतून शिकवावे, हा प्रश्न वरवर शिक्षणशास्त्राचा वाटतो. शिक्षणशास्त्राने आपल्यापुरते उत्तर कधीच देऊन ठेवले आहे. मूल जी भाषा बोलत शाळेत येते तीच आरंभीच्या शिक्षणाचे उत्तम माध्यम, असे युनेस्कोच्या १९५३ च्या अहवालात स्पष्ट म्हटले होते आणि नंतरच्या अभ्यासांनी त्याला बळच दिले. तरीही वाद मिटत नाही, कारण तो मुळात नीतीचा आहे. त्या भाषेत शिकण्याचा हक्क नेमका कोणाचा? मुलाचा, आईबापांचा, ती भाषा बोलणाऱ्या समाजाचा, की हक्क असे काही नसून राज्याने दिलेली ती सवलत आहे?

राज्यघटनेत याचे एकच एक उत्तर सापडत नाही. अनुच्छेद २९ (१) आपली भाषा, लिपी व संस्कृती जतन करण्याचा हक्क नागरिकांच्या गटाला देतो. अनुच्छेद ३० (१) धार्मिक आणि भाषिक अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था काढण्याचा व चालवण्याचा हक्क देतो. अनुच्छेद ३५०-अ, जो १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आला, भाषिक अल्पसंख्य गटांतल्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिकण्याची पुरेशी सोय करून देण्याचे काम राज्यांवर सोपवतो. पहिल्या दोन ठिकाणी हक्काचा धनी समाज आहे, तिसऱ्या ठिकाणी मूल. पालक घटनेच्या या भागात कुठेच नाही. त्याला न्यायालयाने २०१४ मध्ये आणून बसवले. धनी बदलला की हक्काचा अर्थही बदलतो.

छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेत, हा वाद प्रामुख्याने उर्दूचा आहे. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या पावणेबारा लाख होती आणि तीत मुस्लिम तीस टक्क्यांच्या आसपास होते. त्याच जनगणनेत महाराष्ट्रात उर्दू ही मातृभाषा सांगणारे पंचाहत्तर लाखांवर होते. उर्दू माध्यमाच्या शाळा महानगरपालिका चालवते, जिल्हा परिषद चालवते, खासगी संस्थाही अनुदानावर चालवतात. उर्दू शाळा म्हणजे मदरसा, असा एक समज मराठी घरांत अजूनही बराच रुजलेला आहे. तो साफ चुकीचा आहे. बालभारती मराठीबरोबर उर्दूतही पाठ्यपुस्तके काढते, अभ्यासक्रम तोच असतो, दहावीचे मंडळ तेच असते. चौथीत शिवछत्रपतींचा इतिहास उर्दूतून वाचला जातो. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण देण्यास अनुच्छेद २८ ची मनाई आहे, आणि अनुदानित शाळेतही ते पालकाच्या संमतीशिवाय देता येत नाही. मदरसा ही वेगळी संस्था आहे. शिक्षणहक्क कायद्यातून मदरसे आणि वेदपाठशाळा २०१२ च्या दुरुस्तीने एकाच वाक्यात वगळल्या गेल्या, उर्दू शाळा वगळल्या गेल्या नाहीत.

या शहराचे उर्दूशी नाते आयात मालाचे नाही. अठराव्या शतकाच्या आरंभी वली या दखनी कवीचे दिवाण, म्हणजे काव्यसंग्रह, दिल्लीला पोचले आणि फार्सीत लिहिणारे तिथले कवी देशी भाषेकडे वळले, असे उर्दू वाङ्मयाचा इतिहास सांगतो. वलीपाठोपाठ सिराज औरंगाबादी आला. विसाव्या शतकात अंजुमन-ए-तरक्की-ए-उर्दू या संस्थेचे बिऱ्हाड मौलवी अब्दुल हक यांच्याबरोबर दोन तपे औरंगाबादेत होते. तरीही इथल्या मोहल्ल्यात बोलली जाते ती पुस्तकातली उर्दू नव्हे, दखनी आहे. 'नक्को', 'हौ', 'काइकू' हे तिचे नेहमीचे शब्द, आणि जोर द्यायचा तर ती मराठीचा 'च' सरळ उचलून 'मैंच', 'येइच' म्हणते. शाळेत येणारे मूल दखनी घेऊन येते आणि पहिल्या दिवसापासून लखनौ-दिल्लीच्या वळणाची भाषा शिकू लागते. प्रमाण मराठी शिकणाऱ्या वैजापूरच्या मुलाची गतही फार वेगळी नसते, एवढे मात्र खरे. मातृभाषेतून शिक्षण हे तत्त्व मान्य करणाऱ्याला शाळा मातृभाषेच्या किती जवळ जाते हे विचारावे लागते, आणि त्याचे उत्तर उर्दू शाळेलाही पूर्ण गुण देत नाही. न्यायालयाने १९७१ च्या डी. ए. व्ही. कॉलेज खटल्यात भाषिक अल्पसंख्याक ठरायला वेगळी बोलली जाणारी भाषा पुरे, स्वतंत्र लिपीची गरज नाही, असे म्हटले. या कसोटीवर दखनीचाही स्वतंत्र दावा उभा राहू शकतो. तो मांडायला कोणी पुढे आलेले नाही.

या प्रश्नाचा विचार करायला हे शहर विशेष सोयीचे आहे ते आणखी एका कारणाने. शंभर वर्षांच्या आत इथे सत्तेची भाषा आणि शासितांची भाषा यांनी जागा बदलल्या. हे शहर ज्या हैदराबाद संस्थानात होते तिथे १८८४ च्या सुमारास फार्सीच्या जागी उर्दू राज्यभाषा झाली. संस्थानात निम्मे लोक तेलुगू बोलत, पाव मराठी; उर्दू घरात बोलणारे दहा-बारा टक्क्यांच्या आसपास होते. प्राथमिक वर्गांत प्रांताच्या भाषेला काही जागा होती, पण वरच्या शिक्षणाची वाट उर्दूतून जाई. १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ उभे राहिले आणि वैद्यक, अभियांत्रिकी, कायदा हे सगळे उर्दूतून शिकवू लागले. त्यासाठी भाषांतर विभाग आधीच उघडलेला होता आणि अब्दुल हक हेच त्याचे पहिले प्रमुख. भारतीय भाषेतून सर्वोच्च शिक्षण देता येते हे या विद्यापीठाने जेव्हा सिद्ध केले तेव्हा मुंबई-पुण्याची विद्यापीठीय विद्या बहुतांशी इंग्रजीतच होती. आजही मराठीतून वैद्यक शिकवण्याची भाषा करणाऱ्यांनी उस्मानियाचे दफ्तर उघडून पाहावे इतके ते काम मोठे होते.

पण त्या कामाच्या पोटातच विसंगती होती. संस्थानाचे अधिकारी अकबर हैदरी यांनी विद्यापीठासाठी जे निवेदन केले त्यात परक्या भाषेचे ओझे विद्यार्थ्याची बुद्धी कशी दडपते हा मुख्य मुद्दा होता. इंग्रजीविरुद्ध तो बिनतोड होता. परभणीच्या किंवा वरंगळच्या मुलाच्या बाजूने पाहिले तर तोच मुद्दा उर्दूवर उलटत होता. दहातल्या नऊ घरांत जी भाषा बोलली जात नाही तिला देशी म्हणून पुढे करणे आणि देशीपणाचे सगळे पुण्य तिच्या पदरात घालणे, यात तत्त्व होते पण ते अर्धेच लागू केलेले होते. मराठी समाजाने याला उत्तर दिले ते शाळांनी. औरंगाबादेत १९१५ मध्ये सरस्वती भुवन निघाले. पुढे हिप्परगा आणि अंबाजोगाई इथल्या मराठी शाळांतून स्वामी रामानंद तीर्थ यांच्यासारखे शिक्षक तयार झाले आणि तेच पुढे संस्थानाविरुद्धच्या लढ्याचे नेते झाले. खासगी शाळा काढायची तर सरकारची परवानगी लागे आणि ती सहज मिळत नसे. १९३८ मध्ये औरंगाबादच्या इंटरमीडिएट कॉलेजच्या वसतिगृहात वंदे मातरम् म्हणण्यावरून संघर्ष पेटला, तो हैदराबादला पोचला, विद्यार्थी काढून टाकले गेले आणि त्यांतल्या अनेकांना नागपूर विद्यापीठाने आसरा दिला. प्रार्थनागीताचा हक्क, भाषेचा हक्क आणि राज्यकर्त्यांविषयीचा असंतोष हे त्या प्रसंगात इतके गुंतले होते की कोणता धागा धार्मिक आणि कोणता राजकीय हे वेगळे काढता येत नाही.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतात आले आणि चित्र उलटे झाले. उर्दूची राज्यसत्ता गेली, उस्मानियाचे माध्यम बदलले, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. उर्दूतून पदव्या घेतलेल्या पिढीला पोटापाण्यासाठी मराठी आणि इंग्रजी नव्याने शिकावी लागली. आदल्या पिढीच्या मराठी मुलांनी उर्दूपुढे जे सोसले ते आता दुसऱ्या बाजूच्या मुलांच्या वाट्याला आले, फक्त यावेळी घटना त्यांच्या पाठीशी होती.

या उलथापालथीतून एक कसोटी हाती लागते. आपण सत्तेच्या बाजूला असू की नाही हे ठाऊक नसताना कोणता नियम मान्य करू, असे विचारावे, असे जॉन रॉल्सने सुचवले. त्याला तो अज्ञानाचा पडदा कल्पनेने उभा करावा लागला. औरंगाबादला कल्पनेची गरज नाही. इथल्या दोन्ही समाजांच्या आजोबा-पणजोबांनी ती जागा प्रत्यक्ष बदलली आहे. १९३० मध्ये मराठी शाळेसाठी जो युक्तिवाद न्याय्य होता तो २०२५ मध्ये उर्दू शाळेसाठीही न्याय्य असला पाहिजे. उलट, आज उर्दू शाळेला 'मुख्य प्रवाहात या' म्हणून सांगणारा युक्तिवाद योग्य असेल तर निजामाच्या शिक्षणखात्याचेही काही चुकले नव्हते असे म्हणावे लागेल. 'आमचे बहुमत होते, त्यांचे नाही' असे उत्तर यावर तयार असते. ते पुरत नाही. बहुमतावर राज्यभाषा ठरू शकते. मुलाला कळेल अशा भाषेत शिकवण्याचा प्रश्न डोकी मोजून सुटत नाही, कारण एकट्या मुलाची अडचण बहुसंख्य मुलांच्या अडचणीइतकीच खरी असते. १९४९ च्या प्रांतिक शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने यावर व्यवहारी तोड काढली होती. शाळेत चाळीस किंवा एका वर्गात दहा मुले वेगळ्या मातृभाषेची असतील तर त्या भाषेचा शिक्षक द्यावा, असे ठरले. चाळीस आणि दहा हे आकडे कोणत्या तत्त्वातून निघाले हे कोणी सांगत नाही. ते तिजोरी आणि न्याय यांच्यातली तडजोड आहेत.

डॉ. आंबेडकरांनी १९५५ च्या भाषावार राज्यांवरील पुस्तिकेत ही भीती वेगळ्या अंगाने मांडली होती. एका भाषेचे राज्य झाले की त्यातल्या बहुसंख्य जमातीची पकड घट्ट होते आणि लहान गट तिच्या मर्जीवर राहतात, हे त्यांनी दाखवले. प्रांतभाषा ही राज्याची अधिकृत भाषा होऊ नये असेही त्यांनी सुचवले. महाराष्ट्राने, आणि कोणत्याच भाषिक राज्याने, ते मानले नाही. ज्या आंबेडकरांनी १९५० मध्ये औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय उघडून मराठवाड्यातल्या दलित मुलांना उच्चशिक्षणाची वाट करून दिली, त्यांचा हा सावधगिरीचा इशारा त्यांच्या नावाने भरणाऱ्या सभांत क्वचितच ऐकू येतो.

हक्काचा धनी समाज मानला तर काय होते? कॅनडाचे चार्ल्स टेलर आणि विल किमलिका यांनी या मताला आधुनिक तत्त्वज्ञानात वजन मिळवून दिले. टेलर यांच्या मते माणसाची ओळख इतरांनी तिला दिलेल्या मान्यतेतून घडते. ती नाकारणे हा नुसता अनादर नव्हे, ती इजा आहे. किमलिका यांचे म्हणणे थोडे वेगळे. माणूस निवड करतो ती आपल्या संस्कृतीने समोर ठेवलेल्या पर्यायांतून. ती संस्कृती आणि तिची भाषा मोडली तर निवडीचे स्वातंत्र्यच पोकळ होते. भाषा एकट्याने बोलता येत नाही, म्हणून तिचा हक्क एकट्याचा असू शकत नाही, हा या मताचा गाभा आहे आणि तो पटणारा आहे. किमलिका पुढे मूळचे अल्पसंख्याक आणि स्थलांतरित यांच्यात भेद करतात: स्थलांतर करणाऱ्याने काही अंशी आपला हक्क मागे ठेवलेला असतो. वाळूजच्या कारखान्यांत बिहार-उत्तर प्रदेशातून आलेल्या कामगारांना हा नियम लावता येईल, पण त्यांच्या मुलांनी स्थलांतराचा निर्णय घेतलेला नसतो. आणि जिल्ह्यातल्या तांड्यांवर गोरमाटी बोलणारी बंजारा मुले तर कुठून आलेलीही नाहीत. त्यांची भाषा जनगणनेत हिंदीखाली मोजली जाते, तिचे पाठ्यपुस्तक नाही, शाळाही नाही. समाजाला हक्क दिला की तो संघटित, शहरी आणि मतपेटीत मोजता येणाऱ्या समाजाला आधी मिळतो, हे या उदाहरणावरून उघड दिसते.

समाजाच्या हक्काची दुसरी अडचण आतली आहे. समाज म्हणजे कोण बोलतो? बहुधा संस्थाचालक, मौलवी, नगरसेवक. मोहल्ल्यातली उर्दू शाळा घराजवळ असते, वातावरण ओळखीचे असते, म्हणून मुलीला तिथे घालायला आईबाप तयार होतात. जी मुलगी एरवी पाचवीनंतर घरी बसली असती ती त्यामुळे दहावीपर्यंत जाते, आणि हा लाभ मोठा आहे. पण मुलाला इंग्रजी शाळा आणि मुलीला उर्दू अशी वाटणी जिथे होते तिथे भाषा जपण्याचे सगळे ओझे मुलीच्या पाठीवर येते. 'समाजाची भाषा' जपणाऱ्यांनी हा हिशेब मांडायला हवा.

पालकाला धनी मानणारे मत सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०१४ रोजी स्वीकारले. कर्नाटक सरकारने १९९४ मध्ये पहिली ते चौथी मातृभाषा किंवा कन्नड हेच माध्यम सक्तीचे केले होते. घटनापीठाने ती सक्ती रद्द केली आणि मुलाची मातृभाषा कोणती हे पालक ठरवील असे सांगितले. निकालाचा प्रत्यक्ष लाभ अर्थातच इंग्रजी शाळांना झाला. मातृभाषेचे रक्षण करायला सरकारने हात घातला आणि न्यायालयाने पालकाला तिसरीच भाषा निवडायची मोकळीक दिली. याआधी १९५४ मध्ये देवळालीच्या बार्न्स हायस्कूलच्या प्रकरणात मुंबई सरकारचा असाच एक प्रयत्न फसला होता. इंग्रजी माध्यमात अँग्लो-इंडियन आणि बिगर-आशियाई वंशाच्या मुलांशिवाय इतरांना प्रवेश देऊ नये असा तो हुकूम होता. दोन्ही वेळी सरकारला मुलांना देशी भाषेकडे वळवायचे होते, दोन्ही वेळी न्यायालयाने दार उघडे ठेवले.

पालकाच्या निवडीला मान देण्याचे कारण उघड आहे: मुलाचे भले त्याच्याइतके दुसऱ्या कोणाला कळकळीने दिसत नाही. पण कळकळ आणि जाण या दोन गोष्टी आहेत. अनुच्छेद ३० मधले 'पसंतीच्या' संस्था हे शब्द अल्पसंख्याक संस्थेलाही इंग्रजी माध्यम निवडू देतात. संस्था अल्पसंख्याकांची, माध्यम मात्र अल्पसंख्याकांचे नव्हे, अशी स्थिती त्यातून तयार होते आणि कायद्याला त्यात काही वावगे वाटत नाही.

मग मूल उरते. अमेरिकेत १९७२ च्या योडर खटल्यात आमिश पंथाच्या पालकांना आठवीनंतर मुले शाळेत न पाठवण्याची मुभा मिळाली. न्यायमूर्ती डग्लस यांनी मुलांना कोणी विचारले का, असा प्रश्न अंशतः भिन्न निकालपत्रात उपस्थित केला. जोएल फाइनबर्ग यांनी १९८० मध्ये त्यातून एक तत्त्व बांधले. मुलाला मोकळ्या भविष्याचा हक्क आहे, म्हणजे मोठेपणी निवडता यावेत असे पर्याय आईबापांनी किंवा समाजाने आधीच बंद करू नयेत. या तत्त्वाने उर्दू शाळेची परीक्षा दोन्ही बाजूंनी होते. उर्दू नसेल तर मुलाची आजी, तिचे पत्र, मोहल्ल्याची शायरी, घरातली धार्मिक पुस्तके ही दारे बंद होतात. फक्त उर्दूच असेल तर तलाठी कार्यालय, महाराष्ट्र लोकसेवा आयोग, न्यायालयातला मराठी कागद आणि दहावीनंतरचे विज्ञान ही दारे अडतात. मुलाच्या हक्कातून म्हणून एका भाषेची शाळा निघत नाही. मातृभाषेतून सुरुवात आणि राज्यभाषेवर खरी पकड, या दोन्ही गोष्टी एकदमच निघतात. तीन धन्यांपैकी मुलाला पहिला मान देणे योग्य ठरते ते याच कारणाने: समाज आणि पालक यांचे जे काही न्याय्य आहे ते मुलाच्या हक्कात सामावते, उलट दिशेने मात्र तसे होत नाही.

इथे धर्माचा प्रश्न पुढे येतो, कारण उर्दूच्या बाबतीत भाषा आणि धर्म यांची गाठ दोन्हीकडून घट्ट ओढली जाते. कुरआन अरबीत आहे. उर्दू ही इस्लामची पवित्र भाषा नव्हे. पण दोन-अडीचशे वर्षांत भाष्ये, फतवे, उपदेशपर पुस्तके यांचा भारतीय मुसलमानांपुरता मोठा साठा उर्दूत झाला आणि अरबीशी साम्य असलेली लिपी त्याला पूरक ठरली. त्यामुळे उर्दू गेली तर दीन पातळ होईल, ही भीती निव्वळ राजकारण्यांनी पेरलेली नाही. ती तपासायला मराठवाड्याचाच इतिहास उपयोगी पडतो. चक्रधरांनी मराठीत सांगितले म्हणून नागदेवाचार्यांनी महानुभाव पंथाचे ग्रंथ संस्कृतात नेऊ देण्यास विरोध केला. पंडितांची सोय होईल पण साध्या बायाबापड्या वंचित होतील, असे त्यांचे म्हणणे 'स्मृतिस्थळा'त आले आहे. पैठणच्या एकनाथांना प्राकृतात भागवत सांगण्याबद्दल सनातन्यांचा रोष पत्करावा लागला. त्याच एकनाथांच्या भारुडांत 'हिंदू-तुर्क संवाद' आहे. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी 'योगसंग्राम' मराठीत लिहिला. पवित्रतेला एका भाषेत कोंडणे या भूमीला नवे नाही आणि ती कोंडी फोडणेही नवे नाही. आज कुरआनाची मराठी भाषांतरे उपलब्ध आहेत, साने गुरुजींनी इस्लामी संस्कृतीवर मराठीत लिहिले, मुस्लिम मराठी साहित्य संमेलने १९९० पासून भरत आली आहेत. धर्म मराठीत सांगता येतो. तरीही नागदेवाचार्यांचा न्याय लावायचा तर तो प्रामाणिकपणे लावावा लागेल: ज्या बाईला उर्दूच कळते तिच्यासाठी उर्दू हीच त्या अर्थाने प्राकृत आहे.

समाजसुधारक हमीद दलवाईंनी महाराष्ट्रातल्या मुसलमानांनी प्रादेशिक भाषा आपली मानावी असा आग्रह धरला. कोकणात तो पुष्कळ लागू पडतो. चिपळूणकडच्या मुसलमान घरात कोकणी-मराठी बोलली जात असताना मुलांनी उर्दू शाळेत जाणे म्हणजे धर्मासाठी मातृभाषा सोडणे होते. औरंगाबादेत तोच सल्ला जसाच्या तसा देता येत नाही, कारण इथे दखनी ही खरोखर घरची भाषा आहे. एकाच राज्यातल्या दोन मुसलमान मुलांसाठी मातृभाषेचे तत्त्व दोन वेगळी उत्तरे देते, आणि त्यातूनच दिसते की तत्त्व भाषेचे आहे, धर्माचे नव्हे. अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगरपरिषदेच्या इमारतीवर मराठीखाली उर्दूत लिहिलेल्या नावाला आक्षेप घेतला गेला तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये तो फेटाळताना भाषा धर्माची नसते, उर्दू याच मातीत जन्मली, हे सविस्तर नोंदवले. अनुच्छेद ३० धार्मिक आणि भाषिक अल्पसंख्याकांना एका ओळीत बसवतो. शहरातल्या उर्दू शाळा दोन्ही नात्यांनी त्यात येतात आणि त्यामुळेच निकाल एक सांगतो आणि लोकांचा समज दुसराच राहतो.

राज्याच्या बाजूचा दावाही तेवढाच न्याय्य आहे. मुंबईतल्या गुजराती अल्पसंख्याकांच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळांनी मराठीच्या सक्तीला आव्हान दिले तेव्हा उषा मेहता विरुद्ध महाराष्ट्र राज्य या २००४ च्या निकालात न्यायालयाने सक्ती योग्य ठरवली. ज्या राज्यात राहायचे तिथली भाषा शिकायला लावणे हा अल्पसंख्याकांच्या हक्कावर घाला नाही, असा त्याचा आशय. २०२० च्या कायद्याने सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली. उर्दू शाळेतल्या मुलांसाठी बालभारतीची 'सुलभभारती' आहे. सहा-सात वर्षांच्या मुलाला उजवीकडून डावीकडे उर्दू, डावीकडून उजवीकडे मराठी आणि इंग्रजी, आणि मशिदीत अरबी असे वळण सांभाळावे लागते. मराठी शिकवणारा शिक्षक त्या ओझ्याची जाण असलेला हवा. नुसता शासन निर्णय काढून तो मिळत नाही. शिक्षक भरतीत इथे आणखी एक पेच आहे. आरक्षणाच्या बिंदुनामावलीप्रमाणे महापालिका व जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळांतही मागास प्रवर्गांच्या जागा राखीव असतात, पण अनुसूचित जाती-जमातींत उर्दूतून शिकवण्याची पात्रता असलेले उमेदवार फारसे नसल्याने त्या जागा रिकाम्या राहतात. आरक्षण उठवा म्हटले तर एका ऐतिहासिक अन्यायाचे परिमार्जन सुटते. ठेवा म्हटले तर वर्गात शिक्षक नाही. मिलिंद आणि उर्दू शाळा एकाच शहरात असताना हा संघर्ष कागदी राहत नाही. दोन न्याय्य दावे भिडले की कोणत्या मुलाचे नुकसान आज, रोज आणि भरून न येणारे आहे हे पाहावे लागते; त्या निकषावर शिक्षकाविना बसलेल्या वर्गाला आधी उत्तर द्यावे लागेल, आणि राखीव जागा दुसऱ्या माध्यमात भरून देण्याची वाट शासनाने शोधावी लागेल.

मराठी भाषकांना हा विचार परका वाटण्याचे कारण नाही, कारण कर्नाटकातल्या बेळगावात तेच अल्पसंख्याक आहेत. तिथे मराठी शाळा, मराठीतले सरकारी कागद, ३५०-अ आणि १९६१ च्या मुख्यमंत्री परिषदेतली पंधरा ते वीस टक्क्यांची मर्यादा यांचा आधार घेतला जातो आणि तो योग्यच आहे. त्याच आधारावर औरंगाबादच्या उर्दूभाषकाचा दावा उभा राहतो. बेळगावात जे मागायचे ते इथे नाकारायचे, ही सवय दोन्ही राज्यांच्या राजकारणात पुरती मुरलेली आहे.

एक भाग मात्र कोणत्याही कायद्यात नाही. निजामाच्या काळात मराठी मुलांना उर्दू लादली गेली, पण त्यातून सेतुमाधवराव पगडींसारखे लेखक तयार झाले, ज्यांनी उर्दू काव्य मराठीत आणले. लादलेली भाषा आपलीशी करण्याची ताकद त्या पिढीत होती. आज सक्ती मराठीची आहे आणि ती एका बाजूने पुरी होत आहे. उर्दू शाळेतले मूल मराठी वाचते. मराठी शाळेतल्या मुलाने आपल्या शहराची दुसरी भाषा निदान वाचण्यापुरती शिकावी अशी सोय व्हायला काही अडचण नाही: पुस्तके आहेत, शिकवू शकणारे लोक आहेत, शहरात वाचायला पाट्या आणि कबरीवरचे लेखही आहेत. ३५०-अ अल्पसंख्य मुलांपुरते बोलते, २०२० चा कायदा मराठीपुरता. त्यामुळे ही सोय कोणाचाच हक्क ठरत नाही, कोणावरही बंधन ठरत नाही. ती करायची झाली तर शाळेच्या आणि पालकांच्या मर्जीनेच होईल.